बेळगावच्या पश्चिमेला निवांत सायकल सफर : राकसकोपपासून भीमगडच्या काठापर्यंत

सायकलवर सामान बांधून दोन-तीन दिवस डोंगर, जंगल आणि जलाशयाच्या परिसरात फिरावे आणि पाठीमागून येणाऱ्या ट्रकच्या हॉर्नने दचकावे लागू नये, अशी इच्छा बेळगाव, खानापूर आणि चंदगड भागातील अनेकांना असते. त्यांतील नवख्या सायकलस्वारांसाठी हा लेख आहे. अशा सफरीसाठी वेगळा राखून ठेवलेला मार्ग शोधत बसण्यात अर्थ नाही. आपल्याकडे मोकळा रस्ता मिळवावा लागतो, आणि तो ऋतू, वार, घड्याळ व गावांची निवड या चार गोष्टी जुळवल्या की बहुधा मिळतो.

प्रथम भूभाग समजून घ्यावा. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कड्याजवळ असलेले कणकुंबी, जिथे मलप्रभा नदी उगम पावते, सुमारे ७९० मीटरवर आहे. म्हणजे शहरातून घाटमाथ्यापर्यंत जाताना एकूण चढ फारसा नाही. परंतु प्रत्येक ओढ्याशी रस्ता खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो, त्यामुळे दिवसअखेरीस पाय अपेक्षेपेक्षा जास्त थकतात. नकाशावर केवळ अंतर पाहून बेत आखणाऱ्यांची इथेच फसगत होते. सामान लादलेल्या सायकलवर नवख्या माणसाने विश्रांती धरून तासाला १० ते १२ किलोमीटर एवढाच हिशेब धरावा आणि पहिल्या सफरीत दिवसाला ४० किलोमीटरच्या पुढे जाऊ नये.

ऋतू आणि वेळ

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पाऊस ओसरलेला असतो, ओढ्यांना पाणी असते, भाताची कापणी-मळणी चालू असते आणि सकाळच्या थंडीत चढ जाणवत नाही. मार्च ते मे या काळात दुपारचे ऊन त्रासदायक होते, तरी करवंदे, जांभळे आणि फणसाच्या दिवसांत सकाळी ११ पर्यंतची सफर करता येते. जून ते सप्टेंबर या काळात नवख्याने खानापूरच्या पश्चिम भागात सामानासह जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कणकुंबी आणि आमगावचा परिसर कर्नाटकातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतो. तिथे ओढ्यांवरचे लहान पूल पाण्याखाली जातात, दाट धुक्यामुळे वाहनचालकाला सायकल दिसत नाही, आणि धबधब्यांकडे जाण्यास प्रशासन वेळोवेळी बंदीही घालते. जांबोटीजवळील हब्बनहट्टीचे मलप्रभेच्या पात्रातील मारुती मंदिर पावसाळ्यात पाण्याखाली जाते, यावरून पाण्याच्या जोराची कल्पना यावी.

वाराचा विचार ऋतूइतकाच महत्त्वाचा आहे. शनिवार-रविवारी जांबोटी-चोर्ला मार्गावर गोव्याला जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींची रीघ असते. सुट्टी असेल तेव्हाच सायकल काढणे अनेकांना भाग असते, हे खरे. अशांनी रविवारी चोर्ला मार्ग पूर्ण वगळून आडगावांचे रस्ते धरावेत. पहाटे सगळे रस्ते रिकामे असतात, हाही समज तिथे लागू होत नाही, कारण बेळगावहून गोव्याला जाणारा भाजीपाला रात्री आणि पहाटेच निघतो, आणि बाजार गाठण्याच्या घाईत असलेले चालक वळणावर सायकलची अपेक्षा करत नाहीत. याउलट बेळगुंदी, बिजगर्णी, बेळवट्टी, बडस अशा गावांकडच्या रस्त्यांवर सकाळी ८ ते १० च्या सुमारास शाळा-कामाच्या दुचाक्या आणि बस यांची गर्दी होते आणि मग दुपारी ४ पर्यंत रस्ता जवळजवळ आपलाच असतो. शहरातून उजाडताना निघून गर्दीच्या वेळेआधी गावांच्या शिवारात पोहोचावे.

पहिली सफर : राकसकोप

सुरुवात राकसकोपनेच करावी. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय बेळगाव शहराला पिण्याचे पाणी पुरवतो आणि शहरापासून साधारण १५ ते २० किलोमीटरच्या टप्प्यात आहे, त्यामुळे काही बिघडले तरी दुपारपर्यंत घरी परतता येते. गणेशपूर, बेनकनहळ्ळी, बेळगुंदी या बाजूने जावे. बेनकनहळ्ळी मागे टाकेपर्यंत शहराची रहदारी सोबत असते. तेवढा पट्टा लवकर उरकावा. त्यानंतर रताळी, बटाटे आणि भाताची शेते लागतात, पश्चिमेला डोंगररांग दिसू लागते आणि रस्ता अरुंद होतो. अरुंद रस्त्यावर समोरून बस आली तर ताबडतोब डांबराच्या कडेवरून खाली उतरण्याचा प्रयत्न करू नये, कारण डांबर आणि बाजूची माती यांत चार बोटांची पायरी असते व त्या पायरीवर पुढचे चाक घसरून माणूस थेट बसच्या बाजूला पडू शकतो. आधीच वेग कमी करावा, जागा पाहून थांबावे, पाय टेकवावा आणि बस जाऊ द्यावी.

जलाशय पिण्याच्या पाण्याचा असल्याने धरणाच्या भिंतीवर आणि आवारात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि पाण्यात उतरणे, सायकल धुणे, साबण वापरणे हे पूर्णपणे वर्ज्य मानावे. आपल्याच शहराच्या नळाला येणारे हे पाणी आहे. काठाजवळच्या सार्वजनिक रस्त्यावरून जलाशय चांगला दिसतो. पलीकडे महाराष्ट्राच्या चंदगड तालुक्यातील तुडये हे गाव आहे, म्हणजे दीड-दोन तासांत आपण राज्याची सीमा ओलांडतो. सायकलस्वाराला त्याची काही औपचारिकता नसते. फरक जाणवतो तो पाट्यांमध्ये. कर्नाटकाच्या बाजूला गावांच्या पाट्या बहुतांशी कन्नड लिपीत असतात. ज्यांना ती लिपी वाचता येत नाही त्यांनी मार्गावरील आठ-दहा गावांची नावे कन्नड अक्षरांत एका कागदावर उतरवून हँडलच्या पिशवीत ठेवावीत, म्हणजे फाट्यावर अक्षरे जुळवून रस्ता ठरवता येतो. या पट्ट्यातील बहुतेक गावांत मराठी बोलली जाते, त्यामुळे शेतातल्या माणसाला थांबून विचारणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. विचारताना "हा रस्ता अमुक गावाला जातो ना?" असे न विचारता "अमुक गावाला कोणत्या रस्त्याने जावे?" असे विचारावे, पहिल्या प्रश्नाला केवळ सौजन्यापोटीही होकार मिळतो.

राकसकोपची फेरी सामानाशिवाय जमली की तीच फेरी सामान लादून पुन्हा करावी. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून पुष्कळ जण गाळतात. तो गाळू नये. रिकाम्या सायकलचा आणि १० किलो वजन बांधलेल्या सायकलचा ब्रेक लागण्याचा अंदाज वेगळा असतो, आणि तो घराजवळच कळलेला बरा.

दोन दिवसांची सफर : जांबोटी, खानापूर, हलशी

यानंतर दोन दिवसांचा बेत करता येतो. पहिल्या दिवशी बिजगर्णी, बेळवट्टी, बैलूर या पश्चिमेकडील गावांच्या बाजूने जांबोटी गाठावी. बैलूरच्या परिसरातच मार्कंडेय नदी उगम पावते, म्हणजे राकसकोपला पाहिलेल्या पाण्याची सुरुवात या वाटेवर भेटते. शेवटच्या टप्प्यात चोर्ला मार्गाचा काही भाग टाळता येत नाही; तो दुपारच्या वेळी, एकामागोमाग एक असे आणि भडक रंगाचे कपडे घालून पार करावा. जांबोटीपासून खानापूर सुमारे २० किलोमीटर आहे आणि रस्ता झाडीतून जातो. हे अंतर त्याच दिवशी संध्याकाळच्या आत कापायचे की जांबोटीला मुक्काम करायचा, हे दुपारी २ वाजता ठरवून टाकावे. चार वाजल्यानंतर झाडीतला नवा टप्पा सुरू करू नये, हा नियम मी कुणासाठीही शिथिल करणार नाही.

मुक्कामाची सोय आधी बोलून ठेवावी. ओळखीतून एखादे घर, गावातील मंदिराचे किंवा शाळेचे आवार असे पर्याय असतात, परंतु संबंधितांची परवानगी घेतल्याशिवाय पथारी पसरू नये, आणि शेतात किंवा जंगलाच्या कडेला तंबू ठोकू नये. खानापुरात मुक्काम केल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी मलप्रभेकाठचे असोगा येथील रामलिंगेश्वर मंदिर पाहून नंदगडमार्गे हलशीला जाता येते. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. इंग्रजांनी त्यांना १८३१ मध्ये तिथेच फाशी दिले. हलशी ही कदंबांची उपराजधानी होती आणि तेथील भूवराह नरसिंह मंदिर वेळ काढून पाहण्यासारखे आहे. या बाजूला जंगल तुलनेने विरळ आणि गावे जवळजवळ असल्याने नवख्याला दडपण येत नाही.

परतीला महामार्गावरून येण्यापेक्षा खानापूर ते बेळगाव हे अंतर रेल्वेने कापावे. सायकल ब्रेक व्हॅनमधून लगेज म्हणून न्यावी लागते आणि लहान स्थानकांवर गाडी एक-दोन मिनिटेच थांबते, म्हणून कोणत्या गाडीत सायकल घेतील याची चौकशी आदल्या दिवशी स्थानकावर करावी. पॅनिअर (कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या) काढून हातात ठेवावेत आणि सायकलला नावाची चिठ्ठी बांधावी.

भीमगड : कायदा आधी, सायकल नंतर

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचे भीमगड वन्यजीव अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. म्हादई नदीचा उगम याच जंगलात, देगावच्या परिसरात होतो. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत राहणारे राउटनचे वटवाघूळ जगात अत्यंत मोजक्या ठिकाणी सापडते. अशा जागेत सायकलस्वाराने कुठपर्यंत जावे, याचे उत्तर उत्साहावर सोपवता येत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक मार्गावरून प्रवास करणाऱ्यास स्वतंत्र परवाना लागत नाही. परंतु त्या मार्गावरून उतरून आतल्या वाटेला लागायचे असेल तर वनखात्याची परवानगी आवश्यक आहे. नकाशावर बारीक रेघ दिसते म्हणून ती सार्वजनिक वाट ठरत नाही. गवाळी, कृष्णापूर, तळेवाडी अशा आतल्या वस्त्यांकडे जाणाऱ्या वाटा, किल्ला, गुहा आणि वज्रपोहा धबधबा ही ठिकाणे परवानगीशिवाय वर्ज्य समजावीत. ज्यांना जंगल आतून पाहायचे आहे त्यांनी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात अर्ज करावा, त्यात तारीख, माणसांची नावे, मार्ग आणि परतीची वेळ लिहावी, अर्ज शक्यतो कन्नडमध्ये लिहवून घ्यावा म्हणजे काम लवकर होते, आणि खात्याने दिलेल्या माणसासोबतच जावे. पायी जायला सांगितले तर सायकल नाक्यावर ठेवून पायी जावे. सायकल आवाज करत नाही, म्हणून ती जंगलाला त्रास देत नाही असे आपल्याला वाटते. पण आवाज न करता वेगाने येणारी वस्तूच प्राण्याला सर्वाधिक दचकवते.

नवख्यासाठी माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी भीमगडच्या काठावरूनच फिरावे. जांबोटी ते कणकुंबी हा पट्टा मधल्या वारी, भर दिवसा करावा, कणकुंबीला माउली मंदिर व मलप्रभेचा उगम पाहावा आणि त्याच रस्त्याने मागे यावे. चोर्ला घाट उतरण्याच्या मोहात पडू नये, कारण उतरलेला घाट अवजड वाहनांच्या सोबतीने पुन्हा चढावा लागतो.

गवा, अस्वल आणि आपण

या भागात गवा, अस्वल, बिबट्या आणि कधी कधी हत्तीही असतात. गवा सहसा सकाळी आणि सायंकाळी शेताच्या कडेला दिसतो. रस्त्यावर ताजे शेण, बांधावर तुडवलेली झुडपे आणि चिखलात गुराच्या खुरांपेक्षा मोठे ठसे दिसले की वेग कमी करावा. प्रत्यक्ष गवा समोर आला तर शंभर पावले दूर थांबून सायकलवरून उतरावे, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरावी, घंटी वाजवू नये, फोटोसाठी पुढे सरकू नये आणि तो ज्या बाजूला जाऊ पाहतो ती बाजू मोकळी ठेवावी. कळप रस्ता ओलांडत असेल तर शेवटचा गवा गेला असे वाटल्यावरही पाच मिनिटे थांबावे, कारण वासरू मागे राहिलेले असू शकते, आणि वासरू व आई यांच्या मधून जाणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय.

अस्वलाची गोष्ट उलट आहे. त्याची नजर अधू असते, ते वारुळे उकरण्यात किंवा फणस-जांभळे खाण्यात गुंगलेले असते आणि माणूस अचानक जवळ आला की घाबरून हल्ला करते. खानापूर तालुक्यात शेतकऱ्यांवर असे हल्ले झालेले आहेत. म्हणून दाट झाडीच्या वळणावर, जिथे पलीकडचे दिसत नाही तिथे, घंटी वाजवावी किंवा मोठ्याने बोलत जावे. आपण येत आहोत हे त्याला लांबून कळले तर ते स्वतःच बाजूला होते. याच कारणाने शहरातून पहाटे निघाले तरी झाडीचा पट्टा सूर्य वर आल्यावरच गाठावा आणि जंगलाच्या रस्त्याला एकट्याने जाऊ नये. कानात हेडफोन घालू नयेत.

डिसेंबर ते मे या काळात गोचिडांची काळजी घ्यावी. याच डोंगररांगेच्या पलीकडील दोडामार्ग आणि सत्तरी तालुक्यांत माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि हा रोग गोचीड चावल्याने होतो. पालापाचोळ्यात बसू नये, पायमोजे पँटवरून ओढून घ्यावेत, मुक्कामाला पोहोचताच अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ करावी, आणि मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. सफरीनंतर आठवडाभरात जोराचा ताप आला तर जंगलात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सायकल आणि दुरुस्ती

महागडी सायकल लागत नाही. साधी गिअरची सायकल, ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर, मजबूत कॅरिअर आणि मडगार्ड एवढे पुरते. अतिशय बारीक टायर या रस्त्यांवर त्रासाचे ठरतात, कारण डांबराच्या खड्ड्यांत मुरूम भरलेला असतो आणि उतारावर तो सैल खडीसारखा सरकतो. गिअर निवडताना एकच गोष्ट पाहावी: पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दात्यांपेक्षा जास्त नसावेत. तसे असेल तर सामानासह कोणताही चढ बसूनच चढता येतो. सीटची उंची ठरवताना पेडल खालच्या टोकाला नेऊन त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला की उंची बरोबर. वजन खाली आणि मागे बांधावे, पाठीवर सॅक घेऊ नये.

पंक्चर काढता येत नसेल तर सफरीला निघू नये. दोन ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप आणि पॅच एवढे जवळ असावे. ट्यूब काढल्यावर लगेच नवी बसवण्याची घाई बहुतेक जण करतात. आधी हवा भरून ट्यूब गालाजवळून फिरवावी, भोक नेमके कुठे आहे ते शोधावे, व्हॉल्व्हपासून तेवढेच अंतर टायरवर मोजावे आणि त्या जागी आतून अंगठा अगदी हळू फिरवावा. बाभळीच्या काट्याचे टोक रबरात रुतलेले असते; बाहेरून ते दिसत नाही, आणि ते राहिले तर नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. काटा बाहेरच्या बाजूला ढकलून काढावा, मग ट्यूब घालावी.

लांब उतारावर दोन्ही ब्रेक सतत आवळून धरू नयेत. दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे, आणि मुरूम दिसला की वळणाच्या आधीच वेग कमी करावा, वळणात नव्हे. तांबडी माती चेनमध्ये गेली की दात्यांची झीज होते, म्हणून रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने चेन पुसून थेंब थेंब तेल घालावे आणि जादा तेल पुन्हा पुसून टाकावे.

अन्न, पाणी, निरोप

पाणी तीन लिटर बाळगावे आणि ओढ्याचे पाणी तसेच पिऊ नये. जांबोटीसारख्या मोठ्या गावात उप्पीट, पुरी-भाजी, चहा मिळतो. लहान वाड्यांत दुकान असेलच असे नाही, म्हणून भाकरी, ठेचा, चिरमुरे, गूळ-शेंगदाणे आणि केळी सोबत असू द्यावीत. प्लॅस्टिक परत आणावे. गवे ते खातात. जंगलाच्या पट्ट्यात मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि घरी मार्ग, मुक्कामाचे गाव आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी सुरू करायची, हे लिहून द्यावे.

हिडकल, ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी

गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी किंवा लहान मुलांसह निघणाऱ्यांनी हुक्केरी तालुक्यातील हिडकलचा विचार करावा. घटप्रभेवरच्या या जलाशयाची क्षमता ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि आजूबाजूच्या बोडक्या टेकड्यांमुळे पाणी दूरवर दिसते. पुढे धुपदाळचा बंधारा आणि घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे करकोचे आणि इतर पाणपक्षी येतात. या बाजूला धोका वेगळा आहे. ऊस गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात, चालकाला मागचे ऐकू येत नाही आणि मागची ट्रॉली वळणावर आतल्या बाजूला सरकते. अशा ट्रॅक्टरला आतल्या बाजूने कधीही ओलांडू नये; तो पुढे जाईपर्यंत रस्त्याखाली उतरून थांबावे, आणि हंगामात शक्यतो कारखान्यांकडे जाणारे रस्ते सोडून गावांमधले रस्ते धरावेत.